एकहाती नियतकालिक आणि त्याच्या कर्त्याची मिळकत

१

नियतकालिकांच्या इतिहासात एक प्रकार असा आढळतो की, त्याचा संपादक आणि लेखक, व पुष्कळदा मालकही, एकच व्यक्ती असते. अशा नियतकालिकाला मंडळ नसते, वार्ताहर नसतात, आणि पानापानांवर एकाच मनाचा ठसा असतो. अठराव्या शतकातील लंडनमधील निबंधपत्रे, एकोणिसाव्या शतकातील पुण्याची 'निबंधमाला', विसाव्या शतकाच्या मध्यास वॉशिंग्टनहून निघणारे चार पानी साप्ताहिक आणि गेल्या पाव शतकातील विद्युत्‌माध्यमातील 'अनुदिनी' ही या एकाच प्रकाराची रूपे होत. या लेखनाच्या वाङ्मयीन गुणांविषयी विपुल विवेचन झालेले आहे. परंतु हे लिहिणाऱ्याचे पोट कशावर चालत होते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. हा प्रश्न गौण मानण्याचे कारण नाही. लेखकाला पैसे कोण देतो यावर तो कोणाला उत्तरदायी आहे हे पुष्कळ अंशी ठरते, आणि तो कोणाला उत्तरदायी आहे यावर त्याच्या वाक्याचा घाट ठरतो.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. कारण मराठीने या व्यवहारासाठी जे शब्द स्वीकारले त्यांत त्या व्यवहाराकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी साठविलेल्या आहेत. 'किंमत' वस्तूची असते; ती दिली की देणारा आणि घेणारा यांचा संबंध संपतो. 'वर्गणी' हा शब्द मात्र सामाईक कार्यासाठी प्रत्येकाने उचलावयाच्या वाट्याचा वाचक आहे. उत्सवाची वर्गणी आणि मासिकाची वर्गणी यांना मराठी एकच शब्द वापरते. इंग्रजीतील तत्सम संज्ञेचा मूळ लॅटिन अर्थ 'खाली सही करणे' असा आहे. तेथे वचनबद्धतेवर भर आहे, मराठीत सहभागावर आहे. 'जाहिरात' हा शब्द मूळच्या अरबी 'जाहिर' या शब्दावरून फारसीच्या द्वारे आलेला असून उघड करणे हा त्याचा गाभा आहे. 'आश्रय' संस्कृत आहे व त्यात उंच जागी बसलेल्या दात्याची छाया आहे. या चार शब्दांनी सूचित होणारे चार मार्ग, म्हणजे विक्री, वर्गणी, जाहिरात आणि आश्रय, हेच तीन शतके एकहाती नियतकालिकाच्या मिळकतीचे मार्ग राहिले आहेत. पाचवा मार्ग अद्याप कोणास सापडलेला नाही.

२

इंग्लंडमध्ये मुद्रणाच्या पूर्वपरवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत लंडनमध्ये नियतकालिकांचे पीक आले. डॅनिएल डीफोचा 'रिव्ह्यू' १७०४ मध्ये सुरू झाला आणि १७१३ पर्यंत चालला. त्यातील जवळजवळ सर्व मजकूर डीफोचा स्वतःचा होता. व्यापार, धर्म, परराष्ट्रनीती या सर्व विषयांवर तो स्वतंत्र बुद्धीने बोलत आहे, असा वाचकांचा समज होता. वस्तुतः या पत्रामागे रॉबर्ट हार्ली या मंत्र्याचा गुप्त द्रव्याश्रय होता. म्हणजे एकहाती नियतकालिकाच्या पहिल्या मोठ्या उदाहरणातच मिळकतीचा खरा उगम वाचकापासून लपविलेला होता. डीफोची मते केवळ पैशासाठी होती असे यावरून म्हणता येत नाही. हार्लीच्या धोरणांशी त्याचे पुष्कळदा मनापासून जुळत होते. तथापि कोणते मत मनापासूनचे आणि कोणते वेतनाचे, हे ठरविण्याचे साधन वाचकाच्या हाती नव्हते.

ॲडिसन आणि स्टील यांचे 'स्पेक्टेटर' १ मार्च १७११ रोजी निघाले. दोन लेखकांचे असल्यामुळे ते काटेकोर अर्थाने एकहाती म्हणता येणार नाही. पण या प्रकाराचा अर्थव्यवहार त्याने घडविला म्हणून त्याचा विचार अपरिहार्य आहे. त्याची किंमत एक पेनी होती. रोज ३,००० प्रती खपतात आणि प्रत्येक प्रत सुमारे वीस जण वाचतात, असा अंदाज खुद्द ॲडिसनने आरंभीच्या एका अंकात मांडला. हा अंदाज कॉफीगृहांतील वाचनावर आधारलेला होता. एक प्रत विकत घेतली जाई व मेजावर पडून राही. जो येई तो वाची. येथे एक महत्त्वाची विसंगती प्रथमच स्पष्ट होते. वाचक साठ हजार असले, तरी पैसे देणारे तीन हजारच होते. उरलेल्या सत्तावन्न हजारांचे मूल्य लेखकाला एकाच वाटेने मिळू शकत होते, ती वाट म्हणजे जाहिरात. अंकाच्या शेवटी छापलेल्या औषधांच्या, पुस्तकांच्या व घरांच्या जाहिराती या न देणाऱ्या वाचकांच्या बळावर उभ्या होत्या.

१ ऑगस्ट १७१२ पासून मुद्रांककर लागू झाला. अर्ध्या ताव्याच्या प्रत्येक प्रतीवर अर्धा पेनी आणि प्रत्येक जाहिरातीवर एक शिलिंग असा हा कर होता. 'स्पेक्टेटर'ची किंमत दुप्पट करावी लागली. अनेक लहान पत्रे मेली. 'स्पेक्टेटर' त्याच वर्षी ६ डिसेंबरला थांबले. परंतु तत्पूर्वी, नोव्हेंबरमध्ये, बांधीव खंडांचे हक्क दोन प्रकाशकांना प्रत्येकी ५७५ पौंडांस विकले गेले होते. रोजच्या कागदाच्या तुकड्यापेक्षा त्या तुकड्यांचा संग्रह अधिक मोलाचा ठरला, ही गोष्ट पुढील इतिहासात वारंवार प्रत्ययास येते.

३

सॅम्युएल जॉन्सनचे 'रॅम्ब्लर' हे या प्रकाराचे शुद्ध उदाहरण होय. २० मार्च १७५० ते १४ मार्च १७५२ या काळात दर मंगळवारी व शनिवारी ते निघाले. एकूण २०८ अंकांपैकी चारपाच वगळता सर्व जॉन्सनचे आहेत. अंकाची किंमत दोन पेन्स होती आणि जॉन्सनला प्रत्येक अंकासाठी दोन गिनी मिळत. खप पाचशे प्रतींच्या आतच राहिला.

या आकड्यांचा थोडा हिशेब केला तर व्यवहाराचे स्वरूप ध्यानात येते. पाचशे प्रती संपूर्ण खपल्या असे धरले तरी एका अंकाची एकूण विक्री ४ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स होते. लेखकाचे दोन गिनी म्हणजे २ पौंड २ शिलिंग. म्हणजे कागद, छपाई व विक्रेत्याचा वाटा वजा करण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक रक्कम लेखकाकडे जात होती. अशा स्थितीत सुट्या अंकांवर प्रकाशकाला फारसा नफा उरणे शक्य नव्हते. त्याची नजर पुढे निघावयाच्या ग्रंथरूप आवृत्तीवर होती, आणि ती अपेक्षा पुरेपूर फळली. जॉन्सनच्या हयातीतच 'रॅम्ब्लर'च्या ग्रंथरूप आवृत्त्या एकामागून एक निघत राहिल्या. दरम्यान प्रांतोप्रांतीची वृत्तपत्रे हे निबंध उचलून छापीत होती. त्यामुळे लेखकाची कीर्ती त्याच्या खपाच्या कित्येक पट पसरली. पण त्या प्रसाराचा एक पेनीही त्याच्या हाती आला नाही.

आठवड्याला चार गिनी ही त्या काळी तुच्छ मिळकत नव्हती. शब्दकोशाचे प्रचंड काम चालू असताना जॉन्सनच्या घराला तिचा आधार झाला असला पाहिजे. पण ती मिळकत लेखणी चालेल तोवरचीच होती. शब्दकोश प्रसिद्ध होऊन एक वर्षही लोटले नव्हते तोच मार्च १७५६ मध्ये सहा पौंडांहूनही कमी कर्जापायी त्याला अटक झाली व कादंबरीकार रिचर्डसनने पाठविलेल्या सहा गिनींनी त्याची सुटका झाली. १७५९ मध्ये आईच्या अंत्यविधीचा खर्च व तिचे देणे भागविण्यासाठी त्याने 'रासेलस' ही कथा अल्पावधीत लिहून काढली. तिचे त्याला १०० पौंड आणि दुसऱ्या आवृत्तीचे २५ पौंड मिळाले.

जॉन्सन कोशकार होता, म्हणून या व्यवहाराचे त्याचे भान शब्दार्थातच उमटलेले दिसते. १७५५ च्या शब्दकोशात 'आश्रयदाता' या अर्थाच्या शब्दाखाली त्याने उद्धटपणे आधार देऊन खुशामत वसूल करणाऱ्या माणसाचे चित्र उभे केले. आणि सरकारी तनख्याच्या शब्दाखाली, देशद्रोहासाठी सरकारी नोकराला मिळणारे वेतन, असा आशय नोंदविला. १७६२ मध्ये राजाकडून त्याला वार्षिक ३०० पौंडांचा तनखा देऊ करण्यात आला, तेव्हा त्याची स्वतःचीच व्याख्या त्याच्यासमोर उभी राहिली. भावी कामासाठी नव्हे, झालेल्या कामासाठी हा तनखा आहे, असे आश्वासन मिळाल्यावर त्याने तो स्वीकारला. टीकाकारांनी ती व्याख्या त्याच्या तोंडावर फेकण्यास कमी केले नाही. बाजाराच्या बळावर जगलेल्या पहिल्या मोठ्या लेखकालाही स्वास्थ्य लाभले ते अखेर आश्रयातूनच, हे या प्रकरणाचे तात्पर्य आहे.

४

विल्यम कॉबेटचे 'पोलिटिकल रजिस्टर' १८०२ ते १८३५ असे दीर्घकाळ चालले. त्याची कथा विक्री व शासन यांच्या संघर्षाची आहे. सैन्यातील फटक्यांच्या शिक्षेवर टीका केल्याबद्दल १८१० मध्ये कॉबेटला दोन वर्षांचा तुरुंगवास व १,००० पौंड दंड झाला. या आघातामुळे १८१२ मध्ये त्याला संसदेतील वादविवादांच्या अहवालाची आपली मालिका हॅन्सार्ड या मुद्रकाला विकावी लागली. आज त्या अहवालांना जे नाव आहे ते या विक्रीमुळे.

मुद्रांककरामुळे 'रजिस्टर'ची किंमत एक शिलिंगाच्या घरात गेली होती व कामगार ते विकत घेऊ शकत नव्हते. नोव्हेंबर १८१६ मध्ये कॉबेटने एक युक्ती केली. वार्ता वगळून केवळ मुख्य निबंध त्याने एका सुट्या ताव्यावर छापला. वार्ता नसल्यामुळे कर लागू होईना आणि किंमत दोन पेन्सवर आली. खप चाळीस हजारांवर गेला. विरोधकांनी या स्वस्त आवृत्तीला दोन पेन्सांचा केर म्हटले. कॉबेटने ते नाव आनंदाने मिरविले. परंतु हे यश शासनास सोसले नाही. १८१७ मध्ये विनाचौकशी अटकेपासूनचे संरक्षण स्थगित होताच कॉबेट अमेरिकेस निघून गेला, आणि १८१९ च्या सहा कायद्यांपैकी एकाने अशा पत्रकांवरही कर व किमान सहा पेन्स किंमत लादली. किंमत ठरविण्याचा लेखकाचा अधिकार काढून घेणे हा लेखणी रोखण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे, हे शासनाने ओळखले होते.

५

जॉन्सनचा महाराष्ट्राशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'रासेलस'चे मराठी भाषांतर आरंभिले व ते त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केले. आईच्या मृत्यूनंतरच्या देण्यापोटी लिहिलेल्या या कथेने अशा रीतीने एका मराठी निबंधकाराला लेखणी हाती धरावयास लावले. पुढे विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनच्या चरित्रावर 'निबंधमाले'त विस्तृत लेखन केले. ॲडिसन, जॉन्सन व मेकॉले यांच्या निबंधपद्धतीचा आदर्श त्यांच्यासमोर होता. तथापि लेखनाचा आदर्श जसा उचलता येतो तसा त्यामागील बाजार उचलता येत नाही. अठराव्या शतकातील लंडनमध्ये पुस्तकविक्रेत्यांचा धनिक वर्ग होता, कॉफीगृहे होती व दहा मैलांच्या परिघात लाखो वस्ती होती. पुण्यात यांपैकी काही नव्हते.

'निबंधमाला' जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. तिच्यातील जवळजवळ सर्व लेखन विष्णुशास्त्र्यांचे आहे. हे मासिक निघाले तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पित्यापाठोपाठ ज्याचे संपादन त्यांनी केले होते ते सरकारी 'शालापत्रक' सरकारच्या अवकृपेमुळे १८७५ मध्ये बंद पडले. म्हणजे ज्या सरकारच्या शिक्षणपद्धतीवर व ज्या मिशनऱ्यांच्या मराठीवर 'निबंधमाला' प्रहार करीत होती, त्याच व्यवस्थेच्या वेतनावर तिच्या कर्त्याचा संसार चालत होता. ही विसंगती विष्णुशास्त्र्यांना जाणवत नव्हती असे मानण्यास जागा नाही. रत्नागिरीस बदली झाल्यावर १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

राजीनाम्यानंतर त्यांनी काय केले हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. 'निबंधमाले'च्या वर्गणीवर निर्वाह करण्याची कल्पना त्यांनी केली नाही. जानेवारी १८८० मध्ये टिळकांच्या व इतर सहकाऱ्यांच्या साहाय्याने न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही साप्ताहिके निघाली. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना व पुस्तकांचे दुकान हे उद्योग त्याच काळातले. शाळा, छापखाना, चित्रे, पुस्तके आणि वृत्तपत्र असा हा संच होता. एकट्या निबंधाला जे वजन पेलत नव्हते ते या सर्वांनी मिळून पेलावे, अशी त्यातील योजना दिसते. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले. त्यामुळे ही योजना त्यांना स्वतःला कितपत स्वास्थ्य देती हे पाहण्याचा अवसर मिळाला नाही. पण तिच्यातून ज्या संस्था उरल्या त्या एकहाती मासिकापेक्षा दीर्घायुषी ठरल्या.

शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' हे साप्ताहिक १८९८ मध्ये निघाले. वक्रोक्तीने भरलेले त्याचे निबंध परांजप्यांच्याच लेखणीतून उतरत आणि ते वाचण्यासाठीच वर्गणीदार 'काळ' घेत. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने शासनाला नियतकालिकाकडून जामीन मागण्याचा अधिकार दिला आणि त्याच वर्षी 'काळ' बंद पडला. त्यातील निवडक निबंधांचे खंड प्रसिद्ध झाले होते. त्यांवरही बंदी आली. 'स्पेक्टेटर' व 'रॅम्ब्लर' यांच्या कर्त्यांना व प्रकाशकांना ग्रंथरूप आवृत्तीने जे उत्तरमूल्य दिले, ते परांजप्यांच्या बाबतीत कायद्याने हिरावून घेतले. कॉबेटच्या इतिहासातील करयोजना आणि येथील जामीन यांचे कार्य एकच होते: मताला हात न लावता मिळकतीला हात लावणे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'चे उदाहरण याहून निराळे आहे. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना गणिताच्या प्राध्यापकपदास मुकावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी हे मासिक काढले व १९५३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरीही दंड झालाच. कर्व्यांच्या विषयाला जिज्ञासू वाचक पुष्कळ होते, पण उघडपणे वर्गणीदार म्हणून नाव नोंदविणे ही त्या समाजात सोपी गोष्ट नव्हती. वर्गणी म्हणजे सहभाग, असा अर्थ आरंभी सांगितला. जेथे सहभाग लाजिरवाणा मानला जातो तेथे वर्गणी आटते. हे मासिक कर्व्यांच्या उपजीविकेचे साधन कधीच झाले नाही. उलट त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी कष्टाने मिळविलेल्या पैशावर ते मासिकच जगले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य' थांबले. एकहाती नियतकालिकाला वारस नसतो, ही त्याची आणखी एक मर्यादा यावरून दिसते.

६

ज्या वर्षी 'समाजस्वास्थ्य' बंद झाले त्याच वर्षाच्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये 'आय. एफ. स्टोन्स वीकली' सुरू झाले. स्टोन हा अनुभवी पत्रकार होता. परंतु ज्या डाव्या विचारांच्या दैनिकात तो काम करीत होता ते बंद पडले होते आणि साम्यवादविरोधी भीतीच्या त्या वातावरणात त्याला अन्यत्र काम मिळणे कठीण झाले होते. नोकरी संपताना मिळालेले सुमारे ३,५०० डॉलर आणि एका स्नेह्याकडून बिनव्याजी घेतलेले ३,००० डॉलर एवढे त्याचे भांडवल होते. बंद पडलेल्या वृत्तपत्रांच्या वर्गणीदारांच्या याद्या त्याने मिळविल्या, त्यांना पत्रे पाठविली, आणि ५,३०० जणांनी वार्षिक पाच डॉलर आगाऊ पाठविले. पहिल्याच वर्षीचा वसूल अशा रीतीने २६,५०० डॉलरांच्या घरात गेला.

या साप्ताहिकात जाहिरात नव्हती. कचेरी घरीच होती व हिशेब, याद्या आणि टपाल यांचा भार स्टोनची पत्नी सांभाळी. शासनाचे छापील अहवाल व समित्यांच्या कामकाजाच्या नोंदी बारकाईने वाचून त्यांतील विसंगती दाखविणे, ही त्याची पद्धत होती. ती स्वस्तही होती. नियतकालिकांसाठी असलेल्या सवलतीच्या टपालदराचा त्याला मोठा आधार झाला. ज्या शासनावर तो टीका करीत होता त्याच शासनाचे टपालखाते त्याचे अंक अत्यल्प दराने घरोघर पोहोचवीत होते, आणि तो दर मतांवर अवलंबून नव्हता. १९७१ च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणाने त्याने पत्र थांबविले तेव्हा वर्गणीदारांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास होती.

या यशाची कारणे तीन दिसतात. आगाऊ वर्गणीमुळे भांडवल वाचकांकडूनच आले. खर्च एका कुटुंबाच्या श्रमात बसला. आणि इंग्रजी वाचणारा, पाच डॉलर देऊ शकणारा असंतुष्ट वाचकवर्ग खंडभर विखुरलेला असला तरी टपालाने एकत्र बांधता आला. यांतील पहिली दोन कारणे पुण्यामुंबईतही निर्माण करता आली असती. तिसरे कारण भाषेच्या व समाजाच्या विस्ताराचे आहे. ते व्यक्तीच्या हाती नसते.

७

विद्युत्‌माध्यमातील वैयक्तिक नोंदवहीस डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील जॉर्न बार्गर याने 'वेबलॉग' हे नाव दिले. १९९९ मध्ये त्याचे 'ब्लॉग' असे संक्षिप्त रूप झाले. 'दैनंदिनी'च्या धर्तीवर बनलेला 'अनुदिनी' हा मराठी प्रतिशब्द सार्थ आहे. छपाई, कागद व टपाल यांचा खर्च येथे नाहीसा झाला. त्यामुळे प्रकाशनाची अडचण संपली, पण मिळकतीची अडचण होती तेथेच राहिली. किंबहुना ती वाढली, कारण फुकट वाचण्याची जी सवय कॉफीगृहात मर्यादित होती ती आता सार्वत्रिक झाली.

पुन्हा तेच चार मार्ग चोखाळले गेले. जेसन कॉट्की याने फेब्रुवारी २००५ मध्ये नोकरी सोडून केवळ वाचकांच्या ऐच्छिक देणगीवर एक वर्ष काढले. १,४५० जणांनी त्याला ३९,९०० डॉलर दिले. म्हणजे दरडोई सुमारे साडेसत्तावीस डॉलर. वर्ष संपल्यावर त्याने हा प्रयोग पुढे चालविला नाही. आपल्या वाचकांना दरवर्षी नव्याने आवाहन करणे हेही एक काम आहे व ते लेखनाहून वेगळे आहे, हे त्यावरून दिसते. अँड्र्यू सलिव्हन याने फेब्रुवारी २०१३ पासून जाहिरात नाकारून वार्षिक १९.९९ डॉलर वर्गणी ठेवली. तीस हजारांवर वर्गणीदार मिळाले. तरीही दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्याने लेखन थांबविले. कारण पैशाचे नव्हते, दिवसातून अनेक वेळा लिहिण्याच्या शिणाचे होते. जॉन्सन आठवड्यातून दोनदा लिही आणि त्याचेही ओझे त्याला वाटे.

जाहिरातीच्या मार्गात मात्र एक खरोखर नवी गोष्ट घडली. जून २००३ मध्ये गूगल कंपनीने 'ॲडसेन्स' ही योजना सुरू केली. तिच्यात यंत्र पृष्ठावरील शब्द वाचते, विषय ओळखते आणि त्याला अनुरूप जाहिरात तेथे लावते. जाहिरातदाराकडून आलेल्या रकमेचा ६८ टक्के वाटा त्या काळी लेखकाला मिळत होता, हे कंपनीने मे २०१० मध्ये प्रथम जाहीर केले. लेखकाने जाहिरातदाराच्या दारी जाण्याची गरज उरली नाही. जाहिरातदार आणि लेखक एकमेकांस ओळखतही नाहीत, त्यामुळे डीफोसारखा गुप्त संबंध येथे संभवत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तो दुसऱ्या रूपाने शिरलाच: वस्तूंची स्तुती करण्यासाठी लेखकांना थेट पैसे दिले जाऊ लागले. म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये आणि भारतातील जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये असा मोबदला उघड करण्याचे नियम केले. हार्लीचा द्रव्याश्रय गुप्त राहू शकला तो असा नियम नव्हता म्हणून.

भाषेच्या अभ्यासकाने या योजनेतील आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. यंत्राला जी भाषा वाचता येते त्याच भाषेतील लेखनाला जाहिरात मिळते. या योजनेत हिंदीचा समावेश डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे योजना निघाल्यावर अकरा वर्षांहून अधिक काळाने झाला. मराठीची पाळी त्याच्याही नंतर आली. या मधल्या काळात मराठी अनुदिनी पुष्कळ लिहिल्या गेल्या. लेखक होते, वाचक होते; परंतु या व्यवहाराच्या दृष्टीने त्यांची भाषा अस्तित्वात नव्हती. लेखनाची मिळकत पूर्वी वाचकांच्या संख्येवर, त्यांच्या ऐपतीवर किंवा शासनाच्या मर्जीवर अवलंबून होती. आता ती भाषेच्या यांत्रिक मान्यतेवरही अवलंबून राहू लागली. आणि मान्यता मिळाल्यानंतरही जाहिरातदार मराठी वाचकासाठी किती पैसे मोजावयास तयार आहे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मराठीतून कोणता व्यापार चालतो यात आहे. मराठीत किती चांगले लिहिले जाते यात नाही.

८

तीन शतकांचा हा इतिहास एकत्र पाहता काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, एकहाती नियतकालिकाच्या सुट्या अंकाने कर्त्याला पोसल्याची उदाहरणे थोडी आहेत. बहुधा त्याची प्रतिष्ठा अन्य मार्गाने फळाला आली: बांधीव खंड, तनखा, किंवा त्यातून उभी राहिलेली संस्था. दुसरा असा की, ज्याचा पैसा त्याचे बंधन हा नियम सार्वत्रिक असला तरी सर्व बंधने सारखी नसतात. हार्लीच्या द्रव्याने डीफोला बांधले ते वाचकास दिसत नव्हते. स्टोनच्या सत्तर हजार वर्गणीदारांचे बंधन उघड होते, आणि त्यांतील कोणा एकाच्या रुसण्याने पत्र बुडणारे नव्हते. बंधन जितके अधिक हातांत वाटलेले आणि जितके उघड, तितकी लेखणी मोकळी राहते. तिसरा असा की, लहान बाजाराच्या भाषेत हे वाटप होऊ शकत नाही, म्हणून तेथील लेखक एका वेतनाच्या आधाराने दुसऱ्या प्रकारचे लेखन करतो. विष्णुशास्त्री शिक्षकाच्या वेतनावर लिहीत होते; आजचे बहुसंख्य मराठी अनुदिनीकारही नोकरीच्या वेतनावर लिहितात. दीडशे वर्षांत साधने पालटली, हा पाया फारसा पालटलेला नाही.

शेवटी एका शब्दाचा विचार करणे योग्य होईल. मराठीत लेखकाला जे दिले जाते त्याला 'मानधन' म्हणण्याची रीत आहे. संस्कृतात हा शब्द बहुव्रीही असून 'मान हेच ज्याचे धन आहे तो' असा त्याचा अर्थ होतो. तो माणसाचे विशेषण आहे. मराठीने समासाची फोड बदलून त्याला 'मानादाखल दिलेले धन' असा अर्थ दिला, आणि माणसाचे विशेषण रकमेचे नाव झाले. पण जुना अर्थ पूर्णपणे गेलेला नाही. रक्कम अल्प असली की देणारा नवा अर्थ उच्चारतो आणि घेणाऱ्याने जुन्या अर्थावर समाधान मानावे अशी अपेक्षा करतो. एकहाती नियतकालिकाच्या मराठी कर्त्यांनी ते समाधान बराच काळ मानले. ते स्वेच्छेचे होते की निरुपायाचे, हे शोधण्यासाठी त्यांच्या निबंधांइतक्याच बारकाईने त्यांच्या वर्गणीदारांच्या वह्या, छापखान्याची बिले आणि घरखर्चाचे हिशेब वाचले गेले पाहिजेत. मराठी गद्याच्या इतिहासाचे ते प्रकरण अद्याप लिहावयाचे आहे.